दोन पानांचा निकाल : अब्राहम फ्लेक्सनर यांना खुलं पत्र

श्री. अब्राहम फ्लेक्सनर यांस,

तुम्ही १९५९ साली गेलात. तुमचा अहवाल गेलेला नाही, म्हणून हे पत्र.

१९१० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी फाउंडेशनने 'बुलेटिन क्रमांक चार' म्हणून तो छापला. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची तुम्ही झडती घेतली होतीत. तेव्हापासून डॉक्टर कसा घडवावा ही चर्चा कुठेही निघाली की पहिलं नाव तुमचं घेतात. आधुनिक वैद्यकशिक्षणाचे जनक म्हणतात तुम्हाला. हा मान काढून घेणं माझ्या हातात नाही. पण जे तुमच्यामुळे डॉक्टर होऊ शकले नाहीत आणि ज्यांना म्हणून डॉक्टर मिळाला नाही, त्यांचा हिशेब मी मागणार आहे. तुमच्या अहवालाची शताब्दी साजरी करणाऱ्यांनी तो फारसा मागितला नाही.

आधी तुमच्यावरचा एक खोटा आरोप बाजूला करते. आमच्याकडे मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते. रॉकफेलरला खनिज तेलापासून बनवलेली औषधं विकायची होती, म्हणून त्याने तुम्हाला हाताशी धरून होमिओपॅथी आणि जडीबुटी बुडवली, अशी. ती पुढे ढकलणाऱ्यांना ठाऊक नसतं की जॉन डी. रॉकफेलर स्वतः होमिओपॅथीचे भक्त होते, त्यांचा डॉक्टरही होमिओपॅथ होता, आणि त्यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांचा होमिओपॅथीवर राग होता. ही गोष्ट सांगणारे नकळत तुम्हाला सोडवतात. कटकारस्थान सिद्ध होत नाही आणि तुम्ही निर्दोष ठरता. तुमचा खरा गुन्हा शोधायला कारस्थान लागत नाही. तो तुम्ही स्वतःच्या नावाने छापलेला आहे.

तुमचं जे खरं होतं तेही मान्य करते. त्या काळच्या अमेरिकेत वैद्यकीय शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी चार-सहा डॉक्टरांनी फी गोळा करायला काढलेलं दुकान होतं. प्रवेशाला शाळेचा दाखलाही धड लागत नसे. प्रयोगशाळा नावापुरती, शवविच्छेदनाच्या खोलीत घाण, रुग्णाशी गाठ जवळजवळ नाहीच. आयोवातल्या डी मॉईनच्या ऑस्टिओपॅथी कॉलेजात सगळ्या प्रयोगशाळांना कुलूप होतं. तुम्ही गाव सोडल्याचं दाखवून परत फिरलात, शिपायाच्या हातावर पाच डॉलर ठेवलेत आणि दारं उघडून घेतलीत. आत बाकं आणि फळा, बाकी काही नाही. असल्या शाळांतून सुटलेल्या माणसांच्या हाती लोक आपली पोरं सोपवत होते. त्या बंद पडल्या, बरं झालं. तुमच्या आधीपासूनच त्या पडत होत्या: १९०६ साली १६२ होत्या, १९१० पर्यंत १३१ उरल्या. १९२२ साली ८१. परवाना देणारी राज्यांची मंडळं कडक झाली होती, शाळा चालवण्याचा खर्च वाढत होता. तुम्ही त्या घसरणीला कार्नेगीचा शिक्का दिलात.

शिक्का म्हणते, कारण तुम्ही डॉक्टर नव्हता. लुईव्हिलमध्ये खासगी शाळा चालवणारे मास्तर होता तुम्ही. फाउंडेशनचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांनी हे काम देऊ केलं तेव्हा तुम्हाला वाटलं, आपला भाऊ सायमन समजून हे आपल्याशी बोलताहेत. बाहेरच्या माणसाला आतल्यांपेक्षा जास्त दिसू शकतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. तक्रार आहे ती बाहेरचा माणूस असल्याच्या देखाव्याबद्दल. डिसेंबर १९०८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनची वैद्यकशिक्षण समिती आणि प्रिचेट एकत्र बसले. ठरलं असं, की फाउंडेशनने समितीच्या आधीच्या पाहणीचा आधार घ्यायचा, पण अहवालात त्याचा फार गाजावाजा करायचा नाही, म्हणजे निकाल निःपक्षपाती वाटेल. समितीचे सचिव नेथन कोलवेल अनेक ठिकाणी तुमच्यासोबत हिंडले. म्हणजे निकाल धंद्यातल्या वरच्या मंडळींचा, पैसा पोलादसम्राट कार्नेगीचा आणि सही तुमची.

आणि दारं कशी उघडली, तेही इतिहासात आहे. कार्नेगीचा माणूस आलाय म्हटल्यावर शाळाचालकांना वाटलं, देणगी येणार. त्यांनी वह्या दाखवल्या, उणीव दाखवली, छप्पर गळतं तेही दाखवलं. मदत हवी असलेला माणूस आपली गरिबी लपवत नाही. तुम्ही ती टिपून घेतलीत आणि तीच आरोपपत्र म्हणून छापलीत.

आता तुमच्या घरात येते. परवानगी मागत नाही, कारण तुम्हीच आत्मचरित्रात घर उघडं केलं आहे. वडील बोहेमियातून आलेले, आधी फेरीवाले, मग टोप्यांचे व्यापारी. १८७३ च्या मंदीत धंदा बुडाला. नऊ भावंडं. थोरल्या जेकबने औषधाच्या दुकानाच्या कमाईतून तुम्हाला जॉन्स हॉपकिन्सला पाठवलं. सायमनने एम.डी. केलं ते लुईव्हिल विद्यापीठात, १८८९ साली. तुमच्या अहवालात ज्या शाळांवर कडक शेरे आहेत त्यांतलीच ती एक. त्या शाळेने आपल्याला पदवीपलीकडे फारसं काही दिलं नाही, असं सायमनच सांगत. पण घरच्यांनी हात दिला, तुम्हीही दिलात, आणि ते हॉपकिन्सला विल्यम वेल्च यांच्या हाताखाली गेले. पुढे तेच रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले.

हे तुमच्या डोळ्यांसमोर झालं होतं. भिकार शाळेतून निघालेल्या हुशार मुलाला वेळेवर पैसा आणि चांगला गुरू मिळाला की तो कुठवर जातो, हे अमेरिकेत तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलं होतं? तरीही कमी दर्जाच्या शाळा गरीब मुलांसाठी तरी हव्यात, हा युक्तिवाद पुढे आला तेव्हा तुम्ही तो झटकून टाकलात. गरीब मुलाला डॉक्टर होण्याचा वेगळा हक्क नाही म्हणालात. सायमनला होता का तो हक्क? की त्याच्या पाठीशी जेकबचं दुकान होतं, एवढाच फरक?

आता दोन पानांकडे वळू.

साडेतीनशे पानांच्या आसपास तुमचा अहवाल. त्यात कृष्णवर्णीयांच्या वैद्यकशिक्षणाचं प्रकरण चौदावं, जेमतेम दोन पानांचं. त्या वेळी त्यांच्यासाठी सात वैद्यकीय शाळा होत्या. वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहॅरी या दोन ठेवाव्यात, बाकीच्या पाच निरुपयोगी, हा निकाल. त्या पाचांची नावं मी लिहिते, कारण तुमचं कौतुक करणारे ती लिहीत नाहीत: रॅलीची लिओनार्ड, न्यू ऑर्लिन्सची फ्लिंट, लुईव्हिल नॅशनल, नॉक्सव्हिल आणि मेम्फिसची वेस्ट टेनेसी. १९२३ पर्यंत पाचही बंद झाल्या. त्यांतली एक तर तुमच्याच गावची होती.

त्या दोन पानांत तुम्ही काय लिहिलंत, आठवतं? कृष्णवर्णीय डॉक्टर हवा, तो आपल्या लोकांत काम करील. तो का हवा, याचं एक कारण असं, की त्याच्या लोकांना झालेला क्षय आणि हूकवर्म शेजारच्या गोऱ्यांना लागू शकतो. आणि त्याला शल्यक्रियेपेक्षा आरोग्यरक्षणाचे, स्वच्छतेचे धडे द्यावेत. म्हणजे एक कोटी माणसांचं आरोग्य तुम्ही मोजलंत ते शेजाऱ्याच्या अंगणातून. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला मेंदूची शस्त्रक्रिया शिकावीशी वाटेल, हे तुमच्या डोक्यातही आलं नाही. दक्षिणेतली गोरी इस्पितळं कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वॉर्डात पाऊल टाकू देत नव्हती, तेव्हा त्यांच्या शाळांत रुग्ण कमी, खाटा कमी, हे तुम्ही दोष म्हणून नोंदवलंत. ज्यांनी दार लावलं त्यांना तुम्ही एक शब्दही विचारला नाहीत.

त्या शाळा उत्तम होत्या असं मी म्हणत नाही. पैसा नव्हता, उपकरणं नव्हती, शिक्षक अर्धवेळ होते. पण सगळ्याच शाळा काही डॉक्टरांनी फी गोळा करायला काढलेल्या नव्हत्या. लिओनार्ड आणि फ्लिंट तर मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी मिशनच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या होत्या. लिओनार्ड ही शॉ विद्यापीठाची, म्हणजे बाप्टिस्टांची. रॉकफेलरही बाप्टिस्ट, गेट्स तर बाप्टिस्ट धर्मोपदेशकच. शिकागोतला बाजारू वर्ग आणि रॅलीतली मिशनची शाळा यांना तुम्ही एकच मापपट्टी लावलीत, आणि त्या पट्टीवर खुणा होत्या त्या हॉपकिन्सच्या.

इथवर कोणी तुमची बाजू घेईल. म्हणेल, ते पाहणी करणारे, त्यांनी दिसलं ते लिहिलं. शाळा सुधारायला त्यांच्याकडे कुठे पैसा होता?

होता ना! पुढच्याच वर्षी आला. १९११ साली गेट्सनी तुम्हाला जेवायला बोलावलं आणि विचारलं: वैद्यकशिक्षण सुधारायला दहा लाख डॉलर दिले तर काय कराल? तुम्ही ताबडतोब म्हणालात, वेल्चना देईन. हॉपकिन्सला! देशातल्या ज्या शाळेला तुम्ही आदर्श ठरवलं होतं, जिला सगळ्यात कमी सुधारणेची गरज होती, तिला. पाच शाळांची नावं तुमच्या वहीत ताजी होती. त्यातल्या एकीचंही नाव तुमच्या तोंडी आलं नाही. त्या साली फ्लिंट बंद झाली.

१९१३ साली रॉकफेलरच्या जनरल एज्युकेशन बोर्डाने हॉपकिन्सला १५ लाख डॉलर दिले, आणि तुम्ही त्याच बोर्डात दाखल झालात. परीक्षेचा निकाल लावणाऱ्याच्या हाती शिष्यवृत्तीची थैली आली. १९१९ साली रॉकफेलरनी वैद्यकशिक्षणासाठी आणखी सुमारे दोन कोटी डॉलर बोर्डाकडे सोपवले. १९३६ पर्यंत बोर्डाने वैद्यकीय शाळांना दिलेली रक्कम नऊ कोटींच्या घरात गेली. तिच्यातला दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा सात संस्थांच्या पदरात पडला.

हा पैसा कसा वाहिला ते बघायला नॅशव्हिल हे एकच शहर पुरे. तिथे व्हँडरबिल्ट होतं, गोऱ्यांचं. तिथेच मेहॅरी होती, जी तुम्ही स्वतः जगवण्याजोगी ठरवली होतीत. १९१९ साली बोर्डाने व्हँडरबिल्टला ४० लाख डॉलर दिले. त्या सुमारास मेहॅरीच्या वाट्याला आलेली मदत त्यापुढे किरकोळ होती. तेवढ्या मदतीवर आणि स्वतःच्या माणसांनी गोळा केलेल्या पैशावर मेहॅरीने काय केलं? १९२३ साली मेडिकल असोसिएशनच्या वर्गवारीत 'अ' दर्जा मिळवून दाखवला. तुमच्या सगळ्या अहवालाला यापेक्षा सडेतोड उत्तर मला सापडत नाही. थोडा पैसा आला आणि गरीब शाळा चार-पाच वर्षांत वर आली. लिओनार्ड १९१८ साली बंद झाली. तिला ही चार-पाच वर्षं कोणी दिली नाहीत. आणि व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय शाळेने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला तो १९६६ साली.

पैसा नुसता आला नाही, अटी घेऊन आला. बोर्डाच्या देणगीची मुख्य अट होती 'पूर्णवेळ' योजना. रुग्णालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी खासगी रुग्णांकडून कमाई करायची नाही, फक्त पगारावर राहायचं आणि संशोधन करायचं. या योजनेत चांगलं बरंच होतं. पण विरोध कोणी केला? सर विल्यम ऑस्लर यांनी. ज्यांचं पुस्तक १८९७ च्या उन्हाळ्यात वाचून गेट्सना वैद्यकसंशोधनाला पैसा देण्याची कल्पना सुचली, तेच ऑस्लर. प्रयोगशाळेत कोंडलेले प्राध्यापक रुग्णापासून तुटतील, अशी त्यांची भीती होती. तुमच्या बोर्डाने ऐकलं नाही. हार्वर्डने अट नाकारली आणि पैशावर पाणी सोडलं. हार्वर्डला ते परवडलं. ज्याच्या घरात आहे त्यालाच नाही म्हणता येतं. ज्या शाळांना मासिक पगाराची भ्रांत होती त्यांच्यापुढे अट ठेवायलासुद्धा तुम्ही गेला नाहीत.

अजून दोन पानं आहेत, कृष्णवर्णीयांच्या प्रकरणाच्या आधीचं प्रकरण, स्त्रियांचं. इथे मला गप्प राहवत नाही, कारण तुमच्या यादीत फिलाडेल्फियाचं वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया होतं.

कल्याणची एक वीस वर्षांची मुलगी १८८६ च्या मार्च महिन्यात त्या कॉलेजातून एम.डी. झाली. आनंदीबाई जोशी. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. पण तिथून १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर होऊन मुंबईत आल्या आणि वर्षानुवर्षं बायकांना तपासत राहिल्या. त्याच कॉलेजाने १८६७ साली रिबेका कोल या कृष्णवर्णीय बाईंना डॉक्टर केलं होतं, आणि १८८९ साली ओमाहा जमातीच्या सुसान ला फ्लेश यांना, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरला. जपानची केई ओकामी तिथलीच, सीरियाची साबात इस्लामबूली तिथलीच. जगातली जी दारं बंद होती ती फिलाडेल्फियातल्या त्या इमारतीत उघडली जात होती. कल्याणच्या मुलीला त्या काळी हॉपकिन्सने घेतलं असतं का, हे विचारायचीही सोय नाही: हॉपकिन्सची वैद्यकीय शाळाच १८९३ साली निघाली.

तुम्ही मात्र आकडे मांडलेत. बायकांना आता मिश्र कॉलेजं खुली आहेत, तरी मुली कमी येतात, अर्थात त्यांना ओढ नाही किंवा समाजाला त्यांची गरज नाही, तेव्हा वेगळ्या स्त्री-कॉलेजांवर पैसा घालण्यात मतलब नाही. इस्पितळं स्त्री-डॉक्टरांना उमेदवारीला घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते नोंदवलंतही. मग निष्कर्ष काढताना ते कुठे गेलं? पुढे मिश्र कॉलेजांनी मुलींच्या जागा शेकडा पाचच्या आसपास ठेवल्या आणि अनेक दशकं तशाच राखल्या. फिलाडेल्फियाचं कॉलेज चिवट निघालं, पैशाच्या ओढाताणीत तगलं, आणि १९७० च्या सुमारास मिश्र झालं. ते तगलं यात तुमचा वाटा नाही.

मला सांगू नका की पैसेवाल्याची मर्जी अशीच चालायची, देणारा अट घालणारच. अट घालणारे आम्हीही पाहिले आहेत. मुंबईत परळला १९२६ साली सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघालं. सरकारी कॉलेजात प्राध्यापकपदं गोऱ्या साहेबांच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसने अडवून ठेवली होती. विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की शिकवणारे सगळे पात्र हिंदी डॉक्टर असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. तीही श्रीमंताच्या पैशाची अट होती. पण ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांना आत घेण्यासाठी ती घातली होती. तुमच्या हातात कितीतरी पट मोठी थैली होती. लिओनार्डला, फ्लिंटला अशीच एक अट घालता आली असती: पाच वर्षांत प्रयोगशाळा उभी करा, खर्च आमचा. व्हँडरबिल्टला घालता आली असती: चाळीस लाख घ्या आणि मेहॅरीच्या मुलांना वॉर्डात येऊ द्या. हॉपकिन्सच्या प्राध्यापकांच्या खासगी कमाईत तुमच्या बोर्डाने नाक खुपसलं. दक्षिणेच्या वर्णभेदी इस्पितळांना मात्र तुम्ही हात लावला नाहीत.

तुमच्या पश्चात जे झालं तेही कळवते. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कृष्णवर्णीय डॉक्टरांची जाहीर माफी मागितली. २०२० साली अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्कारावरून तुमचं नाव उतरवलं. त्याच वर्षी एका अभ्यासात अंदाज मांडला गेला, की त्या पाच शाळा चालू राहिल्या असत्या तर २०१९ पर्यंत त्यांतून ३५ हजारांहून अधिक डॉक्टर बाहेर पडले असते. आज अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय शेकडा १३ च्या आसपास आणि डॉक्टरांत पाच-सहा.

आणि थैल्या अजून उघडताहेत. २०२४ च्या जुलैमध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने हॉपकिन्सला १०० कोटी डॉलर दिले. ऑगस्टमध्ये हॉवर्ड, मेहॅरी, मोरहाउस आणि चार्ल्स ड्रू या चार कृष्णवर्णीय वैद्यकीय शाळांना मिळून ६० कोटी. दुसऱ्या रकमेबद्दल मला मनापासून आनंद आहे. ती इतक्या उशिरा आणि एका माणसाच्या मर्जीने आली, याचा रागही तेवढाच आहे. तेव्हाच न्यू ऑर्लिन्सच्या झेविअर विद्यापीठाला नवी वैद्यकीय शाळा काढण्यासाठी ५० लाख डॉलर देण्याचं ठरलं. तुमच्या दोन पानांनंतर ज्या गावात फ्लिंट बंद झाली, त्याच गावात. तिथल्या लोकांना आता जमीन, परवाने, शिक्षक, खाटा हे सगळं नव्याने जमवावं लागतंय. यातलं बरंचसं १९१० साली तिथे होतं, तुम्ही ते पाहूनही आला होतात.

कळावे.

एक मराठी वाचक